'सहमत आहे' हा सुद्धा अंगठाच

सुपे हे आज बारामती तालुक्यातलं गाव. १८७५ साली ते भीमथडी तालुक्यात मोडत होतं. त्या वर्षी १२ मे रोजी, बाजाराच्या दिवशी, तिथं जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. लूट झाली, नाही असं नाही. पण जमावाची खरी नजर होती ती सावकाराच्या दप्तरावर. कर्जरोखे, खतं, दस्त हाती लागले की त्यांची होळी व्हायची. सुप्याची ही ठिणगी पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत जाऊन पोचली. इतिहासाच्या पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

कागदावर एवढा राग कशासाठी? तर त्या कागदात काय लिहिलंय, हे ज्यानं त्यावर निशाणी केली त्यालाच ठाऊक नसायचं. लिहिणारा दुसरा, वाचणारा दुसरा आणि फेडणारा मात्र आपला कुणबी. त्यानं खाली नांगराची निशाणी काढली की व्यवहार पुरा झाला. शंभराचे दोनशे कधी झाले, जमीन गहाण पडली की विकली गेली, हे त्याला समजायचं ते कोर्टाचा बेलीफ दारात उभा राहिल्यावर.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात गावनिबंधकाची तरतूद होती. शेतकऱ्यानं करून द्यायचा कर्जाचा दस्त या निबंधकासमोर लिहायचा, तो मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मगच सही-निशाणी घ्यायची. या कायद्यानं सावकारी संपली असं कुणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट सरकारदरबारी कबूल झाली की न वाचता घेतलेल्या निशाणीला न्याय म्हणता येत नाही.

दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज उगाळायचं कारण तुमच्या खिशात आहे. मोबाइल.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मोबाइलवर कुठलंही नवीन ॲप घेतलं की पहिल्यांदा एक लांबलचक मजकूर येतो. बहुतेक वेळा इंग्रजीत. अक्षर मुंगीएवढं. खाली एक चौकोन आणि 'आय ॲग्री' किंवा 'मी सहमत आहे' असं बटण. आपण काय करतो? बटण दाबतो आणि पुढं जातो. आम्हीही तेच करतो, उगाच शहाणपणाचा आव कशाला आणा. तो मजकूर वाचायचा म्हटलं तर वकील लागेल. पण एवढं ध्यानात घ्या, की ते बटण म्हणजे सही आहे. भारताचा करार कायदा १८७२ सालचा, म्हणजे सुप्याच्या दंग्याच्याही आधीचा. त्यात संमती कशाला म्हणायचं ते सांगितलंय : दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थानं मान्य करायची. आता सांगा, कंपनीनं ज्या अर्थानं लिहिलं त्या अर्थानं आपण मान्य केलं का? आपण तर पुढचं पान उघडावं म्हणून बोट लावलं.

सेवा केंद्रावरचं चित्र तर याहून न्यारं. बाहेर रांग, आत एक पोरगा संगणकावर. 'काका, आधार द्या. मोबाइल कुठला लिंक आहे? ओटीपी सांगा.' काकांनी आकडा सांगितला, पोरानं टाकला, दोन-तीन ठिकाणी खुणा केल्या आणि पावती हातात दिली. त्या खुणा कशाला केल्या हे काकांनी विचारलं नाही आणि पोरानं सांगितलं नाही. पोराचा दोष नाही, त्याच्या मागं पन्नास माणसं खोळंबलेली असतात. पण कागदोपत्री त्या सगळ्या खुणा काकांनीच केलेल्या आहेत. ओटीपी हा आजच्या जमान्यातला नांगर आहे.

आता या अटींत असतं तरी काय, ते बघू. शब्दांचं रान बाजूला सारलं तर मुद्दे थोडेच उरतात. तुमची कोणती माहिती घेणार, ती कशासाठी, पुढं कुणाला देणार, किती दिवस ठेवणार आणि तुम्हाला नको झालं तर बाहेर कसं पडायचं. यातला तिसरा मुद्दा सर्वांत लबाड. तिथं 'आमचे भागीदार', 'संलग्न कंपन्या', 'तृतीय पक्ष' असे शब्द येतात. याचा साध्या मराठीत अर्थ असा की आम्ही तुमची माहिती दुसऱ्याला देऊ आणि तो दुसरा कोण ते सांगणार नाही. बियाण्याची चौकशी एका ठिकाणी केली आणि दुसऱ्या दिवशी चार ठिकाणांहून फोन आले, असं कधी झालं असेल तर अशा एखाद्या ओळीला कधीतरी हो म्हटलं गेलं होतं का, ते तपासून बघा.

सगळं वाचणं होत नसेल तर निदान दोन गोष्टी बघत चला. एक, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता दिलाय का. २०११ सालच्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणं लोकांची माहिती गोळा करणाऱ्या कंपनीनं आपलं गोपनीयता धोरण जाहीर करायचं असतं, तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव संकेतस्थळावर द्यायचं असतं आणि त्यानं महिन्याभरात तक्रार निकालात काढायची असते. जिथं माणसाचं नाव नाही, पत्ता नाही, नुसता एखादा ईमेल टाकलाय, तिथून पाय मागं घ्यावा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ॲप मागतं त्या परवानग्या.

परवानगीचं उदाहरण घरचंच घेऊ. ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. त्या ॲपला तुमचं ठिकाण लागतं आणि कॅमेरा लागतो. रास्तच आहे. तुम्ही बांधावर उभे आहात की घरी ओट्यावर, हे कळल्याशिवाय पिकाची नोंद खरी कशी धरायची? फोटोशिवाय कांदा की ऊस ते कसं ठरायचं? जे काम, त्याला लागेल तेवढी माहिती. पण हवामान सांगणारं ॲप तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागू लागलं तर विचारायला हवं, की बाबा रे, पाऊस पडायला माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला पाहिजे?

हे हसण्यावारी नेऊ नका. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांचा सगळा धंदा या एका परवानगीवर उभा राहिला. गेल्या काही वर्षांत पुणे शहरातल्या सायबर पोलिसांकडं अशा तक्रारींची रीघ लागली होती. पाच-दहा हजारांचं कर्ज, कागदपत्रं नाहीत, जामीन नाही, दहा मिनिटांत पैसे खात्यात. लोकांना वाटलं तारणाशिवाय कर्ज मिळालं. तारण होतं की! फोनमधली नंबरांची यादी हेच तारण. आठवड्यात हप्ता चुकला की बहिणीला फोन, सासुरवाडीला फोन, सरपंचांना फोन, वर खोटे घाणेरडे फोटो तयार करून पाठवायचे. जुना सावकार निदान जमीन लिहून घ्यायचा, यांनी अब्रू लिहून घेतली. आणि ती लिहून दिली गेली 'अलाऊ' या एका शब्दावर बोट ठेवून.

रिझर्व्ह बँकेनं यावर सप्टेंबर २०२२ मध्ये नियम काढले आणि मे २०२५ मध्ये ते एकत्र करून पुन्हा दिले. कर्जाच्या ॲपनं फोनमधल्या नंबरांची यादी, फोटो-फायली, केलेल्या-आलेल्या फोनची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा आणि ठिकाण ओळख पटवण्यापुरतं एकदा, तेही विचारून. गुगलनंही २०२३ पासून आपल्या दुकानातल्या कर्जाच्या ॲपना फोनमधले नंबर आणि फोटो वाचायला बंदी घातली. म्हणून तर आता बरेच ठग व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल धाडतात. पीएम किसानच्या नावानं, चलनाच्या नावानं, लग्नपत्रिकेच्या नावानंसुद्धा. ती दाबायचीच नाही. दाबली गेली आणि पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावायचा. कुठलं कर्जाचं ॲप नोंदलेल्या बँकेशी किंवा वित्त कंपनीशी बांधलेलं आहे, याची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. गावातल्या शिकल्यासवरल्या पोरानं ती दोन मिनिटांत काढून द्यावी.

रिझर्व्ह बँकेचा आणखी एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो आणि त्याची चर्चा मात्र कुठंच होत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना बँकेनं व्याज, खर्च, दंड वगैरे मुख्य गोष्टींचा एक कागद कर्जदाराला द्यायचा, तो त्याला समजणाऱ्या भाषेत हवा, आणि त्यातलं समजावून सांगून 'मला समजलं' अशी पोच घ्यायची. बघा, १८७९ चा गावनिबंधकच परत आला म्हणायचा. आता पुढच्या वेळी बँकेत किंवा वित्त कंपनीच्या कचेरीत गेलात तर इंग्रजी कागदावर सही करण्याआधी हा मराठी कागद मागा. मागितल्यावर कुणी डोळे वटारले तर नियम तुमच्या बाजूचा आहे.

मोठ्या कंपन्यांचं तंत्र याहून सभ्य आहे, पण अडवणूक तीच. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपनं नवं धोरण आणलं आणि ते मान्य करा असा निरोप सगळ्यांच्या फोनवर आला. गावातली भजनी मंडळापासून दूध संघापर्यंत सगळी व्हॉट्सॲपवर. नाही म्हणून जायचं कुठं? अशा ठिकाणच्या 'हो'ला काय किंमत, हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढं गेला. आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोकला आणि पुढच्या वर्षी अपील न्यायाधिकरणानं तो दंड कायम ठेवला. 'घ्या नाहीतर चालते व्हा' म्हणून घेतलेली संमती मोकळी नसते, असं आपल्याच देशातल्या यंत्रणेनं सांगितलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता ज्या ठिकाणी आपलं दुखतं तिथं येऊ. सरकार.

शेतकरी ओळख क्रमांक आता सगळ्यांच्या तोंडी आहे. ॲग्रिस्टॅक योजनेतला हा क्रमांक राज्याच्या कृषी योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा झाला. आधार, मोबाइल, सातबारा, खात्यातले गट हे सगळं एका धाग्यात ओवलं जातं आणि शेवटी आधारच्या ओटीपीनं ई-सही होते. त्यात संमतीचीही खूण असते. योजना वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. नुकसानभरपाईसाठी दरवेळी तेच झेरॉक्स घेऊन हेलपाटे घालण्यापेक्षा एक क्रमांक बरा. पण संमती म्हणजे नाही म्हणायची सोय असणं. नाही म्हटलं तर योजना बंद, मग त्या खुणेला संमती म्हणायचं की सोपस्कार? आणि माहिती पुढं कुणाकुणाला दिसणार? २०२१ मध्ये केंद्राच्या कृषी खात्यानं मायक्रोसॉफ्टसारख्या खासगी कंपन्यांशी प्रायोगिक करार केले, तेव्हा देशातल्या अनेक शेतकरी आणि डिजिटल हक्कांच्या संघटनांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. २०२२ मध्ये एका संगणक सुरक्षा अभ्यासकानं दाखवून दिलं, की पीएम किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेर दिसत होते. कळवल्यावर ते बंद झालं. म्हणजे शंका घेणारा माणूस योजनेचा वैरी नसतो.

जमाबंदी आयुक्त पुण्यात, कृषी आयुक्तालय पुण्यात, साखर आयुक्त पुण्यात, नोंदणी महानिरीक्षक पुण्यात. राज्यातल्या शेतकऱ्याची जमीन, पीक, ऊस आणि खरेदीखत या साऱ्याचं दप्तर या एका शहरातून चालतं. तेव्हा शेतकरी ओळख क्रमांकाची संमती नक्की कशाकशाची आहे, हे एका पानावर, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक सेवा केंद्राच्या भिंतीवर लावायचा हुकूम काढायला मुंबई-दिल्लीकडं बघायची गरज नाही. पुण्यातल्या पुण्यात होण्यासारखं काम आहे. आम्ही त्याची जाहीर मागणी करतो.

कायद्याची पाठराखण आहे का? आहे, पण अर्धी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं, की खासगीपण हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यातलं मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव खेड तालुक्यातलं कनेरसर, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. पुढं ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात म्हटलंय, की संमती मोकळी, नेमकी, समजून दिलेली आणि बिनशर्त हवी. सूचना घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता आली पाहिजे. आणि दिली तितक्याच सहज संमती मागं घेता आली पाहिजे. कायद्यातच एक उदाहरण दिलंय. फोनवर डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपनं रोग्याकडून फोनमधल्या नंबरांचीही परवानगी घेतली आणि त्यानं ती दिली, तरी नंबर हे उपचाराला लागत नाहीत, म्हणून ती संमती उपचारापुरतीच धरायची. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

मग अर्धी का म्हटलं? एक तर नियम निघायलाच नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि संमतीच्या मुख्य कलमांना अठरा महिन्यांची मुदत दिली, म्हणजे मे २०२७. दुसरं असं, की अनुदान, लाभ, दाखला, परवाना देण्यासाठी सरकारला बऱ्याच बाबतीत नव्यानं संमती न घेता माहिती वापरायची मोकळीक त्याच कायद्यात आहे. कंपनीला जेवढं धरता येईल तेवढं सरकारला धरता येणार नाही. हे वाचकांनी आधीच समजून असावं.

गावातल्या कारभाऱ्यांना दोन शब्द. ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी (तोंडात अजून ग्रामसेवक आणि तलाठीच येतं), सहायक कृषी अधिकारी, सोसायटीचे सचिव, रोजगार सेवक. तुमच्यावर कामाचा बोजा आहे आणि वरून रोज 'किती टक्के झालं' अशी विचारणा आहे, हे आम्ही जाणतो. पण केवायसी राहिलेल्यांची यादी आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि मोबाइलसकट गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची जी रीत पडलीय, ती आजच्या आज थांबवा. आधार क्रमांक जाहीरपणे लावायला, छापायला आधार कायद्यातच मनाई आहे. लाभार्थ्यांची नावं फळ्यावर लागलीच पाहिजेत, गावाला ते कळण्याचा हक्क आहे. त्यावर पांघरूण घालायला कुणी खासगीपणाचं निमित्त करत असेल तर तेही खपवून घेऊ नये. नाव लावा, गाव लावा, रक्कम लावा. बँकेचा आणि आधारचा आकडा दप्तरात ठेवा. आधारची झेरॉक्स घेतल्यावर ती कुठं राहते, काम झाल्यावर तिचं काय होतं, हेही एकदा बघा. रद्दीत गेलेली असते, काय सांगायचं. खरं तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फुकट निघतं आणि बऱ्याच कामांना तेवढं पुरतं.

खऱ्याखुऱ्या अंगठ्याचीही गोष्ट राहिलीच. जमिनीच्या दस्तांवरच्या ठशांवरून रबरी अंगठे तयार करून आधारवर चालणाऱ्या बँकिंगमधून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडलेले आहेत. त्यावर इलाज म्हणून आधारच्या ॲपमध्ये बोटांच्या ठशांना कुलूप घालता येतं. मात्र कुलूप घातलं की रेशनच्या आणि खताच्या मशिनवरही अंगठा उठत नाही, त्या वेळेपुरतं ते उघडावं लागतं. रेशन दुकानासमोर उभं राहून घाबरू नका आणि दुकानदाराशी भांडूही नका. ज्यांचं असं अंगठ्यावर काढायचं खातं आहे आणि मजुरीचे किंवा अनुदानाचे पैसे त्यात पडून असतात, त्यांनी घरातल्या जाणत्या पोराकडून हे कुलूप लावून घ्यावं.

राहता राहिली ग्रामसभा. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत एक विषय घालायला लेखी अर्ज द्या : गावच्या सेवा केंद्र चालकानं शेतकरी ओळख क्रमांकाच्या नोंदणीतला संमतीचा मजकूर मराठीत, मोठ्यानं वाचून दाखवावा. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्याला येत नसेल तर सहायक कृषी अधिकाऱ्यांनी वाचावा, त्यांनाही उमगत नसेल तर तसं इतिवृत्तात लिहून तहसीलदारांकडं पाठवावं. आणि उद्या केंद्रावर गेलात की ओटीपी सांगण्याआधी एवढंच विचारा, 'पोरा, ही खूण कशाला करतोयस?' मागं रांग असली तरी.